ताळेबंदातला भुंगा

९ जानेवारी

चौतीस! चाळीस हवे होते, चौतीस मिळाले.

पदवीचे बाकीचे सगळे पेपर सुटले, हा एकच राहिला — जमाखर्चाचा! अडतीस वर्षं हिशेबनिसाची नोकरी केलेला माणूस जमाखर्चात नापास. कुणाला सांगायची सोय नाही.

कारण मला ठाऊक आहे. तिसऱ्या प्रश्नात जहाजातल्या मालाचा विमा होता. 'जहाज' हा शब्द वाचला आणि मी गेलोच! थेट सहावीच्या वर्गात. गुरुजी टेबलावर पट्टीनं ताल धरायचे, आम्ही चाळीस पोरं एका सुरात जहाजाची कविता म्हणायचो, आणि खिडकीबाहेर समुद्र नसतानाही मला लाटा ऐकू यायच्या. भानावर आलो तेव्हा पर्यवेक्षक बाई वाकून विचारत होत्या, "काका, बरं वाटतंय ना?" पंचवीस मिनिटं गेली होती. माल बुडाला, विमा बुडाला, मीही बुडालो.

हिनं निकाल विचारला नाही. चहात साखर जास्त घातली, तेव्हाच ओळखलं — हिला कळलंय.

१० जानेवारी

आडवा. भिंतीकडे तोंड.

११ जानेवारी

अजून आडवा. भिंतीला पोपडे आलेत. त्यातला एक हुबेहूब उंटासारखा. हिला दाखवला.

१२ जानेवारी

"अहो उंटस्वार, उतरा आता!" — हिनं पांघरूणच ओढलं.

मग कंबरेवर हात ठेवून जी सुरू झाली ती अशी — "एक्केचाळीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा नापास झालात तेव्हाही असेच पडून होतात. सासूबाईंनी सांगितलंय मला. उठलात ते थेट नोकरीवर. पुन्हा परीक्षेचं नाव काढलं नाहीत. आणि मग जन्मभर मला ऐकवलंत — बसलो असतो तर झालो असतो, बसलो असतो तर झालो असतो! निवृत्त झाल्यावर एकदाचे बसलात. आता एक तर पुन्हा बसा, नाही तर ते वाक्य तरी बंद करा!"

वाक्य बंद करणं मला जमणार नव्हतं. म्हणून फॉर्म भरला.

१ फेब्रुवारी

क्लास लावून आठवडा झाला. सकाळी सहाचा. धोब्याच्या दुकानावरचा जिना चढायचा. खोलीभर इस्त्रीचा वास, बाक अरुंद, गुडघे आत जातात पण बाहेर यायला तयार नसतात. आम्ही चौदा जण. सगळे एकदा तरी आपटलेले, म्हणून वर्ग शांत. क्लासचे सर माझ्या मुलाच्या वयाचे. पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझ्यापाशी अडखळले. "अं… आपण?" मी म्हटलं, "हजर, सर!" सगळी पोरं हसली. तेव्हापासून मी आजोबा.

शेजारी एक मुलगी बसते. अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, आणि पेन्सिल सापडत नाही म्हणून सगळीकडे शोधते. तिचं नाव मी मनातल्या मनात पेन्सिल ठेवलंय. ती दोनदा नापास झालीय. सहजपणे म्हणाली, "आजोबा, माझी ही शेवटची खेप. नाही झालं तर मामाच्या टाइल्सच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. घरात ठरलंय तसं."

"टाइल्सही वाईट नाहीत," मी म्हटलं.

"तुम्ही मामाला ओळखत नाही," ती म्हणाली.

१७ फेब्रुवारी

पाठ होत नाही! वाचतो, मिटतो, विसरतो. आणि सहावीतली कविता मात्र आजही सबंध येते, पट्टीच्या तालासकट. असं का?

दुपारी आरामखुर्चीत डोळा लागता लागता उजेड पडला. कविता राहते, नियम राहत नाही. मग नियमाचीच कविता केली तर?

बसल्या बैठकीला चार श्लोक झाले! भुजंगप्रयात — गुरुजींचं लाडकं वृत्त. घसारा झाला, अखेरचा साठा झाला. मग भागीदारी मोडण्याचा धडा घेतला. भागीदारी मोडली की पैसा कुणाकुणाला कोणत्या क्रमानं द्यायचा, हा त्यातला हमखास येणारा प्रश्न. अडचण अशी की 'भांडवल' हा शब्द भुजंगप्रयातात बसतच नाही! काय वाटेल ते करा, बसत नाही. शेवटी 'मूळ पुंजी' केलं. आणि मग कशी ओळ आली —

दुकाने मिटावी जरा संयमाने,
ऋणे, मूळ पुंजी, उधारी क्रमाने!

स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. ही स्वयंपाकघरातून — "काय पडलं?"

२ मार्च

परवा पेन्सिलला श्लोक म्हणून दाखवले. ती आधी हसली, मग म्हणाली, "पुन्हा म्हणा," मग फोनवर माझा आवाजच भरून घेतला. आज क्लासला गेलो तर आख्खा वर्ग डोलत म्हणतोय — दुकाने मिटावी जरा संयमाने! सरसुद्धा फळा पुसताना पुटपुटत होते.

घरी येईपर्यंत जमिनीवर पाय नव्हते. धोब्यानं विचारलं, "आजोबा, झालात का पास?" मी म्हटलं, "जवळजवळ!"

२० मार्च

मुलाचा फोन. "बाबा, मोटिव्हेशन ठेवा!" आणि मागोमाग सिंहाचं चित्र, खाली लिहिलेलं — सिंह कधी मागे वळून पाहत नाही. सिंहाला मागच्या वर्षाची बाकी चालू वर्षात ओढावी लागत नाही, त्याला काय जातंय!

मला विचाराल तर माझं मोटिव्हेशन म्हणजे पेन्सिल. पावणेसहाला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून वाट बघते. "तुम्ही येणार म्हणून उठले, नाही तर आज नक्की झोपणार होते." अहो, मीही तिच्यासाठीच उठलो होतो! हे तिला सांगितलं नाही.

११ एप्रिल

आज आभाळ कोसळलं.

ही भाजी निवडत माझं पाठांतर घेत होती. मी डोळे मिटून म्हणत होतो, ही पुस्तकात बोट ठेवून तपासत होती. दुकाने मिटावी पर्यंत आलो.

"थांबा. पुस्तकात असं नाही."

"काय नाही?"

"बाहेरच्यांची देणी आधी, हे बरोबर. मग भागीदारांनी दुकानाला उसने दिलेले पैसे, तुमची ती 'उधारी'. आणि भांडवल सगळ्यात शेवटी. तुम्ही भांडवल मध्येच घातलंय."

"छपाईची चूक असेल."

हिनं शांतपणे दुसरं पुस्तक काढलं. त्यातही तेच! मग शांतपणे भेंड्यांकडे वळली.

बसून आठवलं. मला बरोबर क्रम ठाऊक होता, त्या दिवशीही ठाऊक होता. पण 'ऋणे, उधारी, मूळ पुंजी' म्हणून पाहा — ओळ लंगडते! म्हणून मी दोन शब्द इकडचे तिकडे केले. तात्पुरते. नंतर सुधारू म्हणून. आणि ओळ इतकी गोड लागली की सुधारायचंच विसरलो. कानाला गोड लागलं म्हणून एका ओळीत कायदा फिरवला मी! आणि तेरा पोरांच्या डोक्यात भरवला.

१२ एप्रिल

वर्गापुढे उभा राहिलो. म्हटलं, "मुलांनो, माझ्या हातून एक चूक झाली आहे —" तेवढ्यात मागच्या बाकावर कुणाचा तरी फोन वाजला. माझाच आवाज! ऋणे, मूळ पुंजी, उधारी क्रमाने! पोरानं घंटी करून ठेवली होती. वर चाल लावून, खाली तबला घालून.

सरांनी विचारलं, "कितीजणांचं पाठ आहे?"

तेरा हात वर. थोड्या वेळानं सरांचाही.

"आजोबा, तुम्ही तीन दिवसांत नवी ओळ द्या," सर म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पेन्सिल जिन्यात म्हणाली, "एवढं काय तोंड पाडताय? महिना आहे की!"

१५ एप्रिल

तीन दिवस पुंजीला यमक शोधतोय. कुंजी — नको. गुंजी — नको. रुंजी! पण रुंजी घालतो भुंगा, आणि मोडलेल्या दुकानात भुंग्याचं काय काम? नाइलाज झाला. त्याला आत घेतला.

कुणी भृंग तेथे जरी घालि रुंजी,
ऋणे ती, उधारी, पुढे मूळ पुंजी!

क्रम शुद्ध. वृत्त शुद्ध. अर्थ… असो.

वर्गात म्हणून दाखवली. मागच्या बाकावरचा तबलेवाला — "आजोबा, हा भृंग म्हणजे धनको की भागीदार?"

"भुंगा आहे तो. साधा भुंगा."

"मग त्याला किती द्यायचे?"

वर्ग फुटला. सर खिडकीकडे वळले, त्यांचे खांदे हलत होते.

२ मे

तीन दिवस राहिले. सगळे नवी ओळ म्हणतात. मात्र जिना उतरताना, बेसावध असताना, पाय जुन्याच ओळीच्या तालावर पडतात. मी ऐकलंय.

५ मे

परीक्षा!

फाटकावर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. "पालकांनी बाहेर थांबायचं, काका. तिकडे सावलीत बाक आहे." प्रवेशपत्र दाखवलं तर म्हणाला, "हो, पण मुलगा कुठंय?" हॉलमध्ये शिरलो तर पर्यवेक्षक खुर्चीवरून ताडकन उठले, शर्ट सारखा केला. त्यांना वाटलं, वरून तपासणीला कुणी आलं!

जहाज नव्हतं. देवा, तुझे उपकार. चौथ्या प्रश्नात भागीदारी मोडली होती — हमखास येणारी आलीच! पण मी श्लोक म्हटलाच नाही. हिचा आवाज ऐकला, भेंडीच्या देठासकट — "भांडवल सगळ्यात शेवटी." तेच लिहिलं.

घंटा होईपर्यंत एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

६ मे

पेन्सिल भेटली. धोब्याच्या पायरीवर बसलेली, अंबाडा सुटलेला, पेन्सिल हातात.

"आजोबा, चौथा चुकला."

मी खालीच बसलो.

"मी नवी ओळ आठवायला गेले. आधी भुंगा आला. मग मला तबलेवाला आठवला, हसू यायला लागलं. हसू दाबता दाबता ओळच गेली. आणि आपोआप जुनी आली — क्रमाने! ती किती छान येते हो. लिहून मोकळी झाले. बाहेर आल्यावर कळलं."

अडुसष्ट वर्षांचा माणूस, आणि तोंडातून निघालं काय — "माझं चुकलं गं."

"तुमचं कसं? वही माझी होती." मग अंबाडा बांधत — "बाकीचा बरा गेलाय. काठावर आहे. पण राहिलं ना, तर मी काही पुन्हा बसत नाही हं. एकटीनं पुन्हा तो जिना चढायचा? मामा आत्ताच बिलबुक दाखवायला लागलाय."

६ जून

दुसरं काही सुचत नाही. हिला म्हटलं, "मला नापास करा, पण तिला करा पास." ही म्हणाली, "कुणाला सांगताय? मी तपासनीस आहे का?"

२८ जून

पेन्सिलला फोन केला. मागे टाइल्स आपटल्याचा आवाज. "आजोबा, नंतर बोलू का? गिऱ्हाईक आहे."

१० जुलै

निकाल आला. ज्याचा त्यालाच दिसतो, आपापल्या नंबरावर. मला एकोणपन्नास. पास! एक्केचाळीस वर्षांनी! आकडा तीनदा वाचला. हिला हाक मारायला तोंड उघडलं, तोच फोन वाजला.

"आजोबा, सदतीस. तीन कमी." तिचा आवाज कोरडा होता. "चौथा प्रश्न सहाचा होता ना. जाऊ दे. तुमचं काय?"

मी म्हटलं, "माझंही राहिलं गं."

मग — "तुम्ही पुन्हा बसणार?"

"बसणार म्हणजे? बसलोच!"

"मग मामाला सांगता येईल मला. अडुसष्टाव्या वर्षी माणूस बसतोय म्हणून." नाक ओढल्याचा आवाज. "सोमवारी, सहाला?"

"पावणेसहाला," मी म्हटलं. "पायरीवर."