शून्य चुकांचा बोर्ड

१२ ऑक्टोबर
आजपासून नियमित लिहिणार. सर्किट बोर्ड बनवायचं पहिलं काम मिळालं. दौलतकाकांच्या आसेगावच्या शेतात लाईट कधीही येते. ती आली की आवडाकाकू विहिरीपर्यंत चालत जाऊन मोटरचं बटण दाबतात. गुडघे गेलेत त्यांचे. माझा बोर्ड हे आपोआप करील. काकांनी बाजारातून आणलेला ऑटो-स्टार्टर जळला, कारण त्यात शिस्त नव्हती.
बोर्ड चालला, तर काका बाकीच्या बागायतदारांना सांगणार. नाही चालला, तर बाबा म्हणतात, आयटीआयसारखंच हेही सुटलं समज. कोबी लावायच्या आत देणार.

१५ ऑक्टोबर
बोर्डावर तारांऐवजी तांब्याच्या रेषा असतात. सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे गट पाडतात. त्यांना नेट क्लास म्हणतात. प्रत्येक गटाला नियम: रेषा किती जाड, शेजारच्या रेषेपासून किती लांब. चारशे व्होल्टची रेषा जाड आणि लांब हवी. लोक हे करत नाहीत, म्हणून जळतात.
गटांची नावं ठरवण्यात दिवस गेला. ‘उच्चदाब’ जोडून लिहिलं.

२२ ऑक्टोबर
गटांना रंग दिले. काका येऊन बघून गेले. म्हणाले, पोट्ट्या, मोटर चालू करून देतं का रांगोळी काढून राह्यला? त्यांना डिझाइन रूल समजावले. चहा न घेताच उठले. अशा माणसांसाठी काम करायचं म्हणजे कठीण आहे.

३ नोव्हेंबर
रूल चेक चालवला, म्हणजे कुठे नियम मोडला का ते सॉफ्टवेअरकडून तपासून घेतलं. शून्य चुका. स्क्रीनशॉट विनोदला पाठवला. त्याचं मोबाइल रिपेअरचं दुकान आहे. त्याचं उत्तर: सगळ्याच रेषा बारीक दिसून राह्यल्या बे. माझ्यावर जळतो तो. शून्यापुढे वाद नसतो. फाइल बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला पाठवली.

२० नोव्हेंबर
पार्सल आलं. दरम्यान कोबी लावून झाली. थोडा उशीर, पण निर्दोष.
दुपारी बोर्ड विहिरीवर बसवला. सगळे उभे होते. लाईट आली. फट् असा आवाज झाला. धूर. सोबत काकांच्या मोटरच्या स्टार्टरची कॉइलही गेली. काका म्हणाले, बाजारातला मेला तं एकटा मेला व्हता.
ओलावा जास्त होता.

२१ नोव्हेंबर
कारण सापडलं. गट केले, नियम दिले, रंग दिले. कोणती रेषा कोणत्या गटात, हे सांगायचं राहिलं. गट रिकामेच होते. सगळ्या रेषा सॉफ्टवेअरच्या मूळ नियमाने आखल्या गेल्या, बारीक आणि खेटून. तो नियम रेषांनी पाळला, म्हणून चुका शून्य.
म्हणजे माझ्या नियमांत चूक नव्हती. हे लिहून ठेवणं गरजेचं आहे.

२५ नोव्हेंबर
कॉइल नवी बसली. काका म्हणाले, नवा बोर्ड होईस्तोवर आता तूच बस विहिरीवर, बटन दाबाले. काकू म्हणाल्या, लेकराले कायले बोलता, मी जाईन ना. मी म्हटलं, बसतो. लॅपटॉप नेणार. तिथे शांतता आहे. उलट बरंच झालं.


४ डिसेंबर
विहिरीवर. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक रेषा हाताने गटात घालतो आहे. ‘उच्चदाब’चे दोन पोटगट केले. अंतर किती ठेवावं, या विचारात होतो. लाईट केव्हा आली, कळलं नाही.
काकू बांधावरून हळूहळू आल्या. बटण दाबलं. पाणी सुरू झालेलं बघितलं आणि परत गेल्या.