आबांच्या नावावरची वीस मिनिटं

प्रिय आबा,

आज सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी तुम्ही व्यायाम केलात. मी डबा भरत होते. ओट्यावरचा फोन वाजला आणि नेहमीची ओळ आली: 'आबांनी वीस मिनिटं पूर्ण केली. शाब्बास!' तुम्हाला जाऊन आज चाळीस दिवस झाले. पोळी हातात तशीच राहिली. म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणाला सांगू?

आधी वाटलं, मशीन बिघडलं. मग जे वाटलं ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसाल. जाऊ दे.

मशीन आठवतं ना? अँजिओप्लास्टी करून घरी आलात, तेव्हा डॉक्टरांनी रोज वीस मिनिटं हलका व्यायाम सांगितला होता. चालायला जावं तर शनिवार-रविवारी धरणाकडे जाणाऱ्या गाड्या अंगावर येतात, आणि पावसाचे चार महिने घराबाहेर पडायची चोरी. म्हणून मी घरात बसून वल्हवायचं मशीन शोधायला लागले. महिनाभर शोधलं! गुडघ्यांवर भार नाही, आवाज नाही, कोपऱ्यात मावतं. तुमचं आपलं एकच पालुपद, "वल्हं माराय धरान काय आटलंय व्हय?"

पुण्याच्या दुकानात शेवटी दोन उरली. एक साधं, उंच बैठकीचं. तुम्ही त्यावर बसलात, चार-पाच वेळा दांडी ओढलीत आणि हात न टेकता उठलात. "ह्येच बरं हाय, वैशे. उटाय-बसाय सोपं." दुसरं पडद्याचं, इंटरनेटला जोडलेलं, पण बैठक जमिनीपासून जेमतेम वीतभर. त्यावरून उठताना तुम्ही दुकानदाराचा हात धरलात. मी पाहिलं होतं ते, आबा. पाहूनसुद्धा म्हणाले, "पण त्या साध्यावर तुम्ही केलं की नाही, ते मला कसं दिसणार?"

मला दिसायला हवं होतं! माझ्या घोरावाडीहून कामशेत चार स्टेशनं, पुढं रिक्षा. दीड तासात आपलं वडिवळे. तेवढं यायला मला सवड नव्हती, म्हणून तुम्हाला खाली बसवलं.

पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं, तीन मिनिटं, एवढंच यायचं. मी फोनवर किती ओरडले! "एवढं मशीन आणून दिलं, तुम्ही काय लहान आहात का?" मग एक दिवस वीस मिनिटं आली. दुसऱ्या दिवशीही आली. आकडे चढत गेले, ओढण्यातला जोर वाढत गेला, आणि मी ऑफिसात सगळ्यांना फोन दाखवत फिरले. आमचे आबा बघा, या वयात! तुम्हाला फोन करणं त्यानंतर हळूहळू कमी झालं. आकडा आला म्हणजे तुम्ही बरे, असं मी ठरवूनच टाकलं. आकडा चुकला तरच फोन, तोही रागवायला.

आज आईला फोन लावला. विचारलं, "मशीनवर कोण बसलं होतं?"

ती म्हणाली, "मीच. पयल्यापास्नं मीच बसायची गं."

"म्हणजे?"

"त्यास्नी चार वढली की धाप लागायची. आन् खाली बसलं की उटता याचं न्हाई. तू वरडायचीस. मंग म्हनले, तू वढ, मी मोजतो."

म्हणजे आई पदर खोचून वल्हं मारत होती आणि तुम्ही शेजारी खुर्चीत बसून मोजत होतात! "जोरात वढ, पोरगी बघतीया," असंही म्हणायचात म्हणे. मला हसू आलं, आबा. लगेच रडूही आलं.

कारण मला तपासणीचा दिवस आठवला. डॉक्टरांनी विचारलं, धाप लागते का? तुम्ही तोंड उघडायच्या आत मी मोबाइल पुढं केला. "बघा ना डॉक्टर, रोज वीस मिनिटं!" डॉक्टर खूश. सहा महिन्यांनी या म्हणाले. तुम्ही टोपी मांडीवर ठेवून बसला होतात. का नाही बोललात? मी रागवेन म्हणून? बांधावरून भांडणाऱ्या चौघांना एका शब्दात गप्प करणारा माणूस पोटच्या पोरीपुढं गप्प बसला! आईलाही बजावलंत, "पोरीला सांगू नगं, पुन्यांदा दवाखान्यात नेईल." नेलंच असतं हो. नेलंच असतं.

त्यानंतर चार महिनेही निघाले नाहीत.

गेलात त्या दिवशीही सकाळी वीस मिनिटं आली होती. तासाभरात शेजारच्या काकांचा फोन आला. मग दिवसभर अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होते, "सकाळी व्यायाम केला होता हो त्यांनी!" आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या मनात काय चाललं असेल?

आज मी तिला विचारलं, "मग आता कशाला बसलीस?"

"आट दिस झालं, तुजा फोन न्हाई. म्हनलं, त्येंचं नाव दिसलं की तरी करशील."

तीच पुढं बोलत राहिली. गुडघे आता दुखत नाहीत, जिना चढताना दम लागत नाही. तुमच्या नावावर ती ठणठणीत झाली, आबा. तिची तक्रार एकच. "मोजाय कुनी न्हाई. पडद्यावरलं मला वाचता येत न्हाई."

साधं मशीन घेतलं असतं तर तुम्ही आज असता, असं मी म्हणत नाही. पण मग मला विचारायला फोन तरी करावा लागला असता. तुम्ही खोटं बोलला असतात, तरी बोलताना लागलेली धाप मी ऐकली असती. आता हे कितीही घोळवलं तरी काही बदलत नाही.

उद्या सकाळी सात वाजता मी आईला फोन लावीन. तो मशीनशेजारी ठेवायला सांगीन आणि मोजीन. मध्येच तिला थांबवून बोलायला लावीन, तिचा श्वास ऐकीन. रोज. यातलं काहीच तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, ते मला कळतं. माझ्या शब्दावर तुम्ही भरवसा ठेवावा, असं मी काही केलेलंही नाही. तरी एवढं करीन.

पडद्यावरचं तुमचं नाव मात्र आई बदलू देत नाही. मीही बदलणार नाही. रोज सकाळी ते मला दिसू दे.

तुम्हाला खाली बसवणारी,
वैशाली