निळ्या चादरीमागचा वेल

बाबा,

मी कामावर निघाले. भाजी झाकून ठेवली आहे, गरम करून घ्या.

वेलाला पाणी घालू नका. जास्त पाणी मिळालं की नुसता पाला माजतो. आणि त्याच्यासमोरच्या दोरीवरची ती निळी चादर काढा. त्याला दिवसभर ऊन हवं, हे रोपवाटिकेतल्या बाईंनी तुमच्यादेखतच सांगितलं होतं. आठवड्यात चार वेळा धुवावी लागते, इतकी ती चादर मळते तरी कशाने?

परवा सात कळ्या होत्या, आज पाचच आहेत. वाऱ्याने गळल्या म्हणालात. वाऱ्याने तुटला तर देठ फाटतो, बाबा. हे देठ तिरके, एका झटक्यात कापलेत. इतकी सफाईदार कात्री चालवणारा शिंपी या घरात एकच आहे.

पहिलं फूल बघून मगच बदलीच्या गावी जाईन, असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही नुसती मान डोलावलीत. "जाऊ नकोस" म्हणायला तोंड उघडत नाही, कात्री मात्र बरोबर उघडते.

आत्ता कुर्त्याला बटण शोधत होते. तुमच्या मशीनखाली, चिंध्यांच्या मागे, पाण्याची वाटी सापडली. त्यात दोन्ही कळ्या. टाकून द्यायला काही हात धजला नाही ना?

त्यातली एक उमलली आहे. चांगली तुतारीसारखी, नारिंगी.

वाटी होती तिथेच ठेवली आहे. मी काही पाहिलेलं नाही. चादर तेवढी काढा.