तीन मोजेपर्यंत

स्टोनी बे, सोमवार, ९ सप्टेंबर १९७४

चि. रेनो यास,
सिल्वीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. डोरीनचं पत्र तुला मिळालं असेल आणि डेलचं छान चाललंय असं तिनं लिहिलंही असेल. त्यावर जाऊ नकोस. तुझी बायको लेकाचा सामना बघतच नाही. मैदानाबाहेर गाडीच्या काचा वर करून विणकाम घेऊन बसते आणि शेवटची शिटी झाली की बाहेर येऊन सगळ्यांना कॉफी देते. तिला विचारशील तर आपण अजून एकही सामना हरलेलो नाही.

खरं सांगायचं तर शनिवारी चौतीस-शून्य असे हरलो. शाळेच्या धुलाईघरात मला बावीस वर्षं झाली. मला हा हातानं खेळायचा फुटबॉल कळत नाही, पण डाग कळतात. तुमच्या वेळी चेंडू फेकणाऱ्या पोराचा शर्ट सगळ्यात आधी धुऊन व्हायचा, कारण तो जवळजवळ कोराच यायचा. आज डेलचा शर्ट उलटा करून पाहिला. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठ हिरवीगार, त्यात चिखल, आणि कोपराशी थोडं रक्त. घाबरू नकोस, नुसतं खरचटलंय. अंगावर येणाऱ्यांना अडवायला त्याच्यापुढे उभे राहणाऱ्या पाच जणांचे शर्ट मात्र असे स्वच्छ की घडी घालून परत कपाटात ठेवता आले असते.

गेल्या वर्षीची ती धिप्पाड पोरं शाळा संपवून गेली. दोघं खाणीत लागले, एक सैन्यात गेला. आता पुढच्या फळीत कोण आहे, ऐक. मधोमध पेल्टोंचा रँडी, जो वसंतापर्यंत शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत होता. डावीकडे बेकरीवाल्यांचा बूच, जो इतका सज्जन आहे की समोरच्याला धक्का दिल्यावर माफी मागतो. बाकीचे तिघं वाऱ्यावर वाळत घालावेत असे. डेलला चेंडू मिळाल्यापासून फेकेपर्यंत तीन आकडे मोजण्याइतका वेळ लागतो, आणि ही पाच पोरं एकही पुरा मोजू देत नाहीत. पोरगा पहिल्याच वर्षी चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक झाला, तुझा बारा नंबर मागून घेतला, आणि आता जेवताना पाठ खुर्चीला टेकत नाही. काही विचारलं तर म्हणतो, आत्या, सगळं ठीक आहे. अगदी आईवर गेलाय.

त्याला दोन शब्द लिही. तुझं तो ऐकतो.
मोजे कोरडे ठेव. तुझा लोभ आहेच, पण तो पत्रातून दिसला तर बरं वाटेल.

तुझी,
सिल्वीताई


जहाजावरून, शुक्रवार, २० सप्टेंबर

चि. डेल यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

आत्याचं पत्र मला काल मिळालं. मागच्या फेरीला नदीवर धुकं इतकं होतं की पोस्टाची होडी आमच्यापर्यंत आलीच नाही, म्हणून दहा दिवसांची टपाल एकदम पोचली. आम्ही खनिज भरून खाली निघालोय. इथला स्वयंपाकी रोज कोबी करतो. बाकी मजेत आहे.

तुझ्या पाठीबद्दल कळलं. ऐक, मी स्वतः तीन वर्षं फळीत डावीकडे उभा राहिलोय. फळी कशी असते आणि कशी नसते हे मला कुणी शिकवायला नको. तुझ्यापुढे आहे ती फळी नव्हे, चाळणी आहे. त्या पाच जणांवर भरवसा ठेवून उभा राहिलास तर नाताळापर्यंत तुझी हाडं गोळा करावी लागतील. तेव्हा चेंडू हातात आला की मनात मोज, एक, दोन, आणि दोन म्हणताच पळ. मैदानाची कड गाठ आणि बाहेर जा. तीनची वाट बघू नकोस. कोच माकी माझ्याबरोबरच खेळायचा. तो काही बोलला तर सांग, माझ्या बाबांनी सांगितलंय.

आईला सांभाळ. माझ्या गाडीची बॅटरी आठवड्यातून एकदा तपास.
असाच लिहीत राहा, तुझ्या पत्रावर माझे चार दिवस चांगले जातात.

तुझा,
बाबा


स्टोनी बे, रविवार, ६ ऑक्टोबर

ती. बाबांस,
डेलचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सत्तावीसला मिळालं आणि दुसऱ्याच दिवशीच्या सामन्यापासून तुम्ही सांगितलंत तसंच करतोय. पाठ आता दुखत नाही. पत्र मी सामन्याला बरोबरच नेतो.

मात्र आपण कालही हरलो. पाचही सामने गेले. मी दोन म्हणून पळतो तेव्हा चेंडू झेलणारा लियो अजून अर्ध्या वाटेत असतो, त्यामुळे चेंडू कुणाकडे फेकायचा हेच कळत नाही. मग मी बाहेर जातो नाहीतर कडेला कुणीतरी मला धरतं. कोच म्हणाले, तुझ्या मागे कोण लागलंय ते मला तरी दाखव, मला तर कुणी दिसत नाही. मी म्हटलं, बाबांनी सांगितलंय. यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली फक्त. नंतर सहायकाला म्हणताना ऐकलं की आयर्नडेलशी शेवटचा सामना आहे, तोवर हा सुधारला नाही तर दुसऱ्याला उभा करू.

रँडी आणि ती मुलं माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी त्यांचं काही वाईट केलेलं नाही. बाबा, मला वाटतं बारा नंबर परत द्यावा. तुमच्या अंगावर तो चांगला दिसायचा असं सगळे सांगतात.

बॅटरी ठीक आहे. आईने तुमच्यासाठी हातमोजे विणलेत. सामन्यात विणले, म्हणून खूप लवकर झाले.
माझ्यावरची माया आहे तशीच ठेवा.

आपला आज्ञाधारक,
डेल


स्टोनी बे, सोमवार, १४ ऑक्टोबर

रेनो,
आशीर्वाद आहेत, पण आधी राग वाच.

आज धुताना डेलच्या पॅंटमधून मांडीला मार लागू नये म्हणून बसवतात ती गादी काढली, तर तिच्या खोबणीत चौकोनी घडी केलेला कागद. घामानं आणि चिखलानं लगदा झालेला. मी उघडून वाळत घातला. शाई सगळी पसरलीय, पण एक ओळ तेवढी शाबूत राहिली, कारण ती तू दोनदा गिरवली होतीस. "दोन म्हणताच पळ." अक्षर ओळखलं. बापाचं पत्र पोरगं मांडीला बांधून खेळतंय, हे पाहून मला आधी रडू आलं. मग मी बाकीचे शर्ट पाहिले आणि माझं डोकंच फिरलं.

डेलची पाठ गेले तीन आठवडे कोरी आहे. डाग आता कुशीवर आहेत आणि त्यात पांढरा चुना, मैदानाच्या कडेला आखतात तो. म्हणजे पोरगा दर वेळी कडेला पळतोय. आणि त्या पाच जणांचे शर्ट? छातीवर चिखल, गळे उसवलेले, बूचच्या शर्टाची तर एक बाही मी दोनदा शिवली. गेला सबंध सप्टेंबर माकीनं त्यांच्याकडून रोज शाळा सुटल्यावर रँडीच्या काकांचा बंद पडलेला ट्रक खाणीच्या चढावर ढकलून घेतला. तू लिहिलंस तेव्हा ती फळी कच्ची होती. तुझं पत्र इथे पोचलं तेव्हा नव्हती. तुझं पत्र आठवडाभर उशिरा आलं आणि पोरगं अजून त्या आठवड्यातच पळतंय.

शनिवारी संध्याकाळी रँडी धुलाईघरात आला. उसवलेला गळा हे निमित्त होतं. बराच वेळ बटणांच्या डब्याशी खेळला आणि मग मला म्हणाला, "डेलला आम्ही पाच जण नकोच आहोत का? आम्ही धरून ठेवतो, मागे वळून बघतो, तर तो तिथे नसतोच. मग कुणासाठी धरायचं?" काय सांगू त्याला? माझ्या भावाला दुरून सगळं दिसतं म्हणू?

पहिल्यांदा त्या पाचांनी आपल्या पोराचा धीर घालवला, हे खरं. पण आता आपलं पोरगं त्यांचा घालवतंय, आणि ते तुझ्या सहीनं. सव्वीसला आयर्नडेल. त्याआधी तुझी तीन वर्षांची बढाई बाजूला ठेव आणि काहीतरी कर. तीन वर्षं फळीत होतास असं नेहमी म्हणतोस ना? मला आठवतंय, पहिलं वर्ष तू बाकावर बसून संत्री खाल्लीस. शर्ट मीच धूत होते.

रागावले तरी बहीण आहे, हे ध्यानात असू दे.

सिल्वीताई


जहाजावरून, रविवार, २० ऑक्टोबर
(सिल्वीताईमार्फत)

चि. रँडी, बूच आणि फळीतले बाकी तिघे यांस,
डेलच्या बाबांचे आशीर्वाद.

पोरांनो, तुम्ही मला फारसे ओळखत नाही. मीही तुम्हाला ओळखत नाही, आणि तरी मी तुमच्याबद्दल एका पत्रात वाईट लिहिलं. तुमचा एकही सामना न बघता तुम्हाला चाळणी म्हणालो. डेलला सांगितलं की यांच्यावर भरवसा ठेवू नकोस. तो पळतो ते त्याच्या भित्रेपणामुळे नाही आणि तुमच्याबद्दल त्याच्या मनात काही आहे म्हणूनही नाही. तो बापाचा शब्द पाळतोय. चूक माझी आहे. तुम्हा पाचही जणांची मी माफी मागतो.

मी तुमच्या जागी उभा राहिलेलो आहे, दोन वर्षं. फळीतल्या पोराचं नाव पेपरात येत नाही. मागच्याचा शर्ट स्वच्छ राहिला एवढंच त्याचं बक्षीस. मागचा आपल्या भरवशावर उभा आहे हे पाठीला कळतं, आणि नसला तर तेही कळतं. हे मला माहीत असायला हवं होतं.

एक सांगतो. आमच्या वेळी आम्ही फळीतले मोठ्यानं मोजायचो, आजीच्या फिनिश भाषेत. युक्सी, काक्सी, कोल्मे. एक, दोन, तीन. समोरच्यांना वाटायचं काहीतरी डाव आहे. मागच्याला कळायचं की आम्ही अजून उभे आहोत.

शुक्रवारी ताईकडे वाफेच्या अंघोळीला सौना तापवाल तेव्हा डेललाही बोलवा. अंगावरच्या घामाबरोबर मनातलंही जरा निघू दे. बाकावर बसलात की हे पत्र रँडीनं त्याला वाचून दाखवावं. मी स्वतः त्याला वेगळं लिहीत नाही. माझ्या शब्दांवर तो फार चालला, आता तुमच्या शब्दांवर चालू दे.

डिसेंबरात पाण्यावर बर्फ धरला की जहाज बांधून घरी येतो. त्या ट्रकला मलाही हात लावायचाय.
तुमच्या लोभाला मी पात्र नाही, तरी मागतो.

तुमचा,
रेनो कांगास


स्टोनी बे, रविवार, २७ ऑक्टोबर

ती. बाबांस,
डेलचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. सौनात वाफ इतकी होती की रँडीला अक्षर दिसेना, म्हणून दार किलकिलं करून त्यानं वाचलं आणि बूच सारखा ओरडत होता की थंडी वाजतेय, दार लाव.  माफीची ओळ आली तेव्हा बूचनं तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं आणि म्हणाला की डेलचे बाबा फार सज्जन दिसतात. बूचच तसं म्हणाला, तेव्हा सगळे हसले. मीही त्यांना सॉरी म्हटलं. रँडी म्हणाला, उद्या म्हण, मैदानात.

बाबा, खरं सांगतो, सुरुवातीला जमलं नाही. डोक्याला कळत होतं, पण पाय दोनवरच उचलत होते. पहिल्या अर्ध्यात मी चार वेळा कडेला पळालो. आयर्नडेलचे लोक हसत होते.  मध्यंतरात कोचनी मला बाकावर बसवलं नाही, एवढंच पुष्कळ होतं.

मग दुसऱ्या अर्ध्यात रँडीनं चेंडू मागे दिला आणि समोरच्याला ढकलता ढकलता ओरडला, युक्सी. बाकीचे चौघं ओरडले, काक्सी. माझा पाय उचलला, पण इतक्या जवळून पाच जण ओरडत असताना एकट्यानं निघून जायची लाज वाटली. मी थांबलो. कोल्मे झालं तेव्हा माझ्याभोवती कुणीच नव्हतं, आणि लियो जिथे असायला हवा तिथे होता. मी फेकला, त्यानं झेलून शेवटची रेघ ओलांडली, आणि त्यातून सात गुण झाले. पुढच्या वेळेपासून बाकांवर बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्या मोजायला लागल्या. आत्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. आई एवढा गलका ऐकून गाडीतून बाहेर आली आणि विणकाम हातात धरून कुंपणाशी उभी राहिली. आत्या म्हणते तिनंही मोजलं.

शेवटच्या मिनिटाला ते बारा, आपण सात. डावीकडून त्यांचा सगळ्यात मोठा गडी बूचच्या अंगावर आला आणि बूच मागे मागे सरकत माझ्यापर्यंत पोचला. पण पडला नाही. मला त्याची पाठ लागत होती. मी उभा राहिलो. कोल्मेला फेकला, आणि चेंडू हातातून सुटला त्याच क्षणी बूच, तो गडी, आणखी कुणीतरी आणि शेवटी रँडी, असे सगळे माझ्यावर पडले. पाठ पुन्हा हिरवी झालीय, पण या वेळी आत्यानं रागावू नये. मला खालून फक्त थोडं आभाळ दिसत होतं आणि रँडीचं नाक. लोक ओरडत होते, पण आपले की त्यांचे ते कळेना.

लियोनं तो चेंडू कसा झेलला ते सगळ्या गावानं पाहिलं, आईनंसुद्धा, एक मी सोडून. मी विचारायच्या आतच रँडी वरून म्हणाला, "धरला त्यानं. जिंकलो." मी मान वर करून पाहायला गेलो नाही. रँडी म्हणाला, तेवढं मला पुरलं.

बॅटरी ठीक आहे. बारा नंबर परत दिलेला नाही.
लवकर या, आणि आता आम्हा सहाही जणांवर लोभ असू द्या.

आपला,
डेल