चुनखडीच्या टेकडीची निरवानिरव

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने, म्हणजे सख्ख्या भावाच्या मुलाने, मला वेडी ठरवून माझी मालमत्ता स्वतःच्या ताब्यात मागणारा अर्ज कोर्टात केला, म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहावे लागत आहे. अर्जात माझ्या वेडाचे लक्षण एकच दिले आहे: ‘सदर महिला आपल्या टेकडीवरचा दगड चुन्याच्या भट्टीत जाळू देत नाही, कारण त्यामुळे पृथ्वी तापते असा तिला भ्रम आहे.’

डॉक्टरीणबाईंनी मला तपासले. वार विचारला, वजाबाक्या करून घेतल्या, आणि दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. तेव्हा मी शुद्धीवर आहे, कोणाच्या दडपणाखाली नाही, आणि संतापलेली आहे. संताप हा आजार नाही, हेही त्यांनीच सांगितले.

१. वडिलांनी जाताना चुन्याची भट्टी भावाला दिली आणि चुनखडीची टेकडी मला. दगडाशिवाय भट्टी नाही, भट्टीशिवाय दगडाला गिऱ्हाईक नाही. म्हणजे भावंडे एकमेकांना धरून राहतील, असा त्यांचा हिशेब होता. धरून राहिलो खरे, पण गळ्याला. लग्न मी केले नाही. ‘झाले नाही’ असे कोणी कुठे लिहू नये. मी रसायनशास्त्र शिकले आणि पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत नोकरी केली. माझी फी भट्टीच्या धुरातून भरली गेली, हे मी नाकारत नाही. हे ऐकवायला भाचा टपलेलाच असतो, म्हणून आधीच लिहून टाकले. भावाची भट्टी आता तोच चालवतो. त्याने आणखी मोठी भट्टी बांधायला काढली आणि सगळी टेकडी मागितली, तेव्हा दगडाचा जुना करार संपत आला होता. तो मी पुन्हा केला नाही. भांडण एवढेच आहे.

२. ज्याला भ्रम म्हटले आहे, तो कोर्टाच्या माहितीसाठी असा. सूर्याचा उजेड हवेतून सहज खाली येतो, जमीन तापते, आणि तापलेली जमीन ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी परत वर सोडते. हवेत जे दोन वायू सर्वांत जास्त आहेत, ते या किरणांना अडवत नाहीत. कार्बन डायऑक्साइड अडवतो. तो उष्णता घेतो आणि सगळ्या दिशांना सोडतो, त्यातली काही पुन्हा जमिनीकडे येते. उष्णता अडवणारे असे वायू अजिबात नसते, तर पृथ्वी बर्फाचा गोळा झाली असती. तेव्हा वायू वाईट नाही. किती आहे, हा प्रश्न आहे. कारखान्यांच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत तो तीनशेहून कमी होता, आता सव्वाचारशेच्या घरात आहे.

भाचा म्हणाला, “एवढ्याशा चिमटीने काय होतंय गं, आत्या?” मी त्याला पाण्याने भरलेल्या चंबूत रंगाचा एक थेंब टाकून दाखवला. सगळे पाणी गुलाबी झाले. त्यावर हा म्हणे, “बघा, तापमापीबाईंचा वर्ग भरला!” आणि जेवणाचे सगळे टेबल हसले. वहिनीसुद्धा.

मग कुठेतरी वाचून आला, की पाण्याची वाफ याहून जास्त उष्णता अडवते. अडवते. पण जास्तीची वाफ थोड्याच दिवसांत पाणी होऊन खाली पडते; या वायूचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो. आणि त्याने हवा तापली की ती आणखी वाफ धरून ठेवते, म्हणजे तापात भरच. हे अर्धे वाक्य त्याने वाचले नव्हते. अर्धे वाचणे हाच त्याचा धंदा आहे.

३. त्याचा पुरावा म्हणजे चुन्याचे पोते. चुनखडी भाजली की दगडातला हाच कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो. तो चुना भिंतीला लावला की हवेतला तोच वायू हळूहळू पिऊन पुन्हा दगड होतो. हे मी एकदा जेवताना सांगितले. महिन्याभरात पोत्यावर छापून आले: ‘आमचा चुना सोडलेली हवा परत पितो. रसायनतज्ज्ञ आत्याबाईंची खात्री.’ खाली माझ्या पदवीदानाचा फोटो. भट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या हाच समज आहे, वडीलही त्यावर निवांत झोपले. पण भट्टीखाली जळणाऱ्या कोळशाचा वायू कुठली भिंत पिते? आणि निम्म्याहून अधिक चुना भिंतीवर जातच नाही, पोलाद आणि कागदाच्या कारखान्यांत जातो. “तेवढं पोत्यावर मावत नाही, आत्या,” असे उत्तर मिळाले.

माझे नाव, फोटो किंवा पदवी माझ्या मृत्यूनंतर कोणत्याही पोत्यावर, फलकावर किंवा शोकसंदेशात वापरू नये. भाच्याने माझ्याविषयी दोन शब्द बोलू नयेत. एकही नको.

४. राहते घर भट्टीवाल्याच्या बायकोला द्यावे. तिचा नवरा उमेदीच्या वयापासून आमच्या भट्टीला कोळसा घालत होता. गेल्या उन्हाळ्यात कामावरून आला, पत्र्याच्या खोलीत आडवा झाला, तो उठला नाही. “वय झालं होतं,” भाचा म्हणाला. भट्टीवाला माझ्या भावाहून लहान होता. एका माणसाचा मृत्यू एका वायूच्या नावावर लिहिता येत नाही, विज्ञान तसे बोलत नाही, आणि मीही बोलणार नाही. उन्हाळे जास्त तापू लागले आहेत आणि रात्री पूर्वीसारख्या निवत नाहीत, एवढे मात्र लिहिता येते. घराला जाड भिंती आहेत आणि आरपार वारा आहे. वहिनीला हे कळल्यावर ती म्हणाली, “लोक काय म्हणतील?” लोकांना घर दिलेले नाही.

५. बँकेतली शिल्लक माझ्या दवाखान्याच्या आणि शेवटच्या खर्चासाठी आहे. उरेल ती भट्टीवाल्याच्या बायकोला, घराच्या डागडुजीसाठी. काचेची उपकरणे आणि तराजू ज्या शाळेला खरोखर वापरायचे असतील तिला द्यावेत. कपाटात मांडून ठेवणाऱ्या शाळेला देऊ नयेत. शिवणयंत्र वहिनीला. ते तिने नेऊन ठेवलेलेच आहे, आता चोरी राहणार नाही.

६. टेकडी माझ्या भाचीला, म्हणजे भाच्याच्या धाकट्या बहिणीला. अट ही, की तिने तिथला दगड काढू नये, विकू नये, कोणाला काढू देऊ नये.

तिला बोलावून सांगितले तेव्हा ती खुर्चीत बसलीही नाही. “मला नको, आत्या. दादा माझं तोंड बघणार नाही.”

“माझंही बघत नाही. मी मेले का?”

“तू एकटी आहेस गं. मला माहेर आहे.”

हे ती सहज बोलली. मी ऐकून घेतले. मग म्हटले, “तू नाही म्हटलंस तर माझ्यामागे कायद्याने टेकडी तुझ्या बाबांकडे जाईल, म्हणजे दादाकडेच. पावसाळ्याआधी सुरुंग लागतील. एवढं समजून नाही म्हण.” ती रडली, चहा न घेता गेली, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर एकच शब्द बोलली: “लिही.”

वकीलबाईंनी बजावले, की अशी अट पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. माझ्या भाचीपुरती टिकली तरी पुरे. तोवर नवी भट्टी गंजून जाईल.

७. भावाला काही ठेवलेले नाही. मला वेडी ठरवणारा अर्ज त्याच्या टेबलावर टाइप झाला, आणि तो शेजारी पेपर वाचत बसला होता.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोघा साक्षीदारांसमोर त्यावर सही केली.

लिहून ठेवणार: आत्या (सही)
साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दुसरा: लिहून ठेवणारीचा भाऊ (सही)

दुसऱ्या साक्षीदाराबद्दल खुलासा: शेजारी यायचे होते, ते आयत्या वेळी फिरले. भाऊ दारात उभा होता. “सही करतो, पण वाचणार नाही,” म्हणाला. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, मी सही करताना बघावे लागते, असे मी सांगितले. त्याने बघितले.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: प्रत्येक सहीखाली हाताने घातला आहे

देवघेवीची नोंद
वकीलबाईंना दिले: मृत्युपत्राची मूळ प्रत, टेकडीची वडिलांकडून आलेली कागदपत्रे, डॉक्टरी दाखला.
भाचीला दिली: टेकडीवरच्या खाणीच्या फाटकाची किल्ली. घेतली, सही केली.
भावाकडून मिळाला: खाणीत सुरुंग लावण्याचा परवाना, त्याच्या नावचा, मुदत शिल्लक असलेला. खिशातून काढून टेबलावर ठेवला. याच्याविना भाच्याला टेकडीवर सुरुंग लावता येत नाही. पोच दिली.