दाबलेल्या चार ओळी

मी, खाली सही करणारी बाई, वय वर्षे एकाहत्तर, अंधांच्या वाचनालयातील निवृत्त ब्रेल लेखनिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे; तो फक्त डोक्याबद्दल आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ते आणू पाहणाऱ्याचा समाचार कलम चारमध्ये घेतला आहे.

कलम १. शिलाई यंत्र, कपाट आणि बँकेत असेल ते सर्व भाचीला, म्हणजे बाळच्या मुलीला. बाळ हा माझा धाकटा भाऊ, वय सहासष्ट, वाचनालयाचा अध्यक्ष. मुलगी बापावर गेली नाही, हे तिचे नशीब.

कलम २. ब्रेलची पाटी आणि टोचणी वाचनालयातील नव्या लेखनिकेला. उजवीकडून डावीकडे उलटे टोचायचे, पान पालटले की ठिपके सुलटे वर येतात, हे ती शिकेलच. तिने कलम तीन मात्र दोनदा वाचावे.

कलम ३. एका शाळामास्तरांनी देवाविरुद्ध पुस्तक लिहिले. त्यांच्या दारावर दगड आले, प्रकाशकाने हात वर केले, दुकानांतून प्रती गायब झाल्या. तेव्हा रुग्णालयाच्या टेलिफोनवर बसणारे आमचे एक वाचक म्हणाले, "मला ते वाचायचंय." मी देवभोळी बाई, तरी काम ते काम. तीन जाडजूड खंड टोचले. दुसऱ्या खंडात चार ओळी आल्या: 'माझी मुलगी तापाने तळमळत होती ते तीन दिवस देव दुसऱ्या कुणाच्या घरी स्तुती ऐकत बसला होता. असा पाहुणा मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही.' त्याही टोचल्या. मग पान पालटले आणि अंगठ्याच्या नखाने एकेक ठिपका दाबून सपाट केला. डोळ्यांना कागद कोरा दिसला. मी निश्चिंत झाले.

तिन्ही खंड नेल्यावर आठव्या दिवशी टेलिफोनवाले दारात उभे.

"बाई, दुसरा खंड, पान एकेचाळीस. चार ओळी दाबल्यात."

"कागद खराब असेल."

"कागद चांगला आहे. नख तुमचं आहे. वाचल्या मी."

आणि त्यांनी चारही ओळी जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. माझ्या अंगावर काटा आला. मी पुसलेले या माणसाच्या बोटाने वाचले होते! चाळीस वर्षे ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांचे बोट काय चीज आहे हे मला तोवर कळलेच नव्हते. आजही त्या बोटापुढे मान लवते.

मी विचारले, "आवडल्या का?"

"आवडतील कशा? मी रोज प्रार्थना करतो. दोन दिवस घास उतरला नाही."

"मग दाबल्या ते बरंच केलं की."

"नाही बाई. राग माझा होता. माझ्या वाटचं तुम्हीच रागावून घेतलंत, मग मी काय करायचं?"

ते पान मी त्यांच्यासमोर पुन्हा टोचले.

कलम ४. पुढे बाळच्या कार्यकारिणीने ती प्रत रद्दीत घालण्याचा ठराव केला. मी तिन्ही खंड भाजीच्या पिशव्यांतून दोन खेपांत घरी आणले. बाळ धावत आला. "ताई, लोकांच्या भावना दुखावतात. ती प्रत परत दे." मी विचारले, "तू वाचलंस?" तो म्हणाला, "वाचायची गरजच काय?" बहुधा ही एवढीच धड प्रत उरली आहे, आणि मी डोळे मिटले की तो सर्वांत आधी कपाट उघडणार. म्हणून तिन्ही खंड टेलिफोनवाल्यांना.

राहते घर बाळला, पण एका अटीवर. त्याने माझ्या पुढच्या खोलीत बसावे, टेलिफोनवाल्यांनी संपूर्ण पुस्तक बोटाने वाचत मोठ्याने ऐकवावे. बाळने वाटेल तेवढे रागवावे, ओरडावे, वाद घालावा. मध्येच कायमचा उठून गेला तर घर वाचनालयाला. त्याच्या भावना दुखावतील. दुखावू देत. निदान त्या त्याच्या स्वतःच्या असतील.

कलम ५. बाळ, ओळी मी का दाबल्या ते आता ऐक. तुझे भाऊजी, म्हणजे माझे यजमान, शेवटच्या दुखण्यात होते, तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी देवाला याहून वाईट बोलले होते. मास्तरांनी त्याला पाहुणा तरी म्हटले. मास्तरांच्या ओळींत मला माझाच आवाज ऐकू आला, आणि मी घाबरले. भाऊजी गेले त्या सकाळी मी भीत भीत प्रार्थनेला बसले. वाटले, आता पलीकडे कोणी नसेल. होता रे. रोज असतो तसाच होता. अजून आठवले की ऊर भरून येतो. ज्याने माझे सगळे ऐकून घेतले, त्याला एका मास्तरापासून वाचवणारी मी कोण? आणि तू तरी कोण?

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरची शिंपीण (सही)
२. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

टेलिफोनवालेही साक्षीला तयार होते. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराने सही होताना पाहावी लागते. ते म्हणाले, "मी ऐकली." कायद्यात ते बसत नाही, पण माझ्या मनात बसते.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: माझ्या वाढदिवसाचा दुसरा दिवस, सकाळी अकरा
सही: शाईने एकदा, ठिपक्यांनी एकदा