बावीस भिंती

३ फेब्रुवारी, सोमवार

आवाज जाणार. कायमचा. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि स्वरयंत्राभोवती गोल केला. एवढं सगळं काढावं लागेल. बारा तारखेला. बाबांना हे महिन्यापूर्वीच सांगितलं होतं म्हणे! घरात कुणाला पत्ता नाही. हा माणूस रोज डबा घेऊन रंगकामाला जात होता.

बाहेर आल्यावर आईला म्हणाले, "चला, आता भांडणात कायम तूच जिंकणार." आई म्हणाली, "आधी काय हरत होते?" आणि तिथेच बाकावर बसून रडली.

४ फेब्रुवारी

गाणं नसेल तर बाबा भिंत मोजणार कशी? "ही दोन गाण्यांची भिंत." "हे छत म्हणजे पाच गाणी आणि मानदुखी." शब्द आठवले नाहीत की खुशाल स्वतःचे घुसवतात. लहानपणी मला तेच खरे वाटायचे. शाळेत तसंच म्हणून दाखवलं तर वर्ग लोटपोट! घरी येऊन किती भांडले होते.

७ फेब्रुवारी

आज एक चांगलं काम झालं.

बाबा वाचतात, पण एका पानात त्यांचा डोळा लागतो. आणि मी दिवसभर ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढवते! आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, म्हणजे मी वाचलेलं माझ्यापाशीच थांबता कामा नये, असं मला फार वाटतं. म्हणून गेले वर्षभर मी पुस्तकं मोठ्याने वाचून त्यांच्यासाठी रेकॉर्ड करते. ते रोलर फिरवताना कानात घालून ऐकतात. "तुझा तो प्रवासी आज बर्फात अडकला गं!" अशी संध्याकाळी बातमी देतात.

दवाखान्यासाठी अख्खी कादंबरी वाचून ठेवली. पण त्यांच्या फोनमध्ये जागाच नाही. पाहिलं तर रेकॉर्डरमध्ये बावीस फायली, नावाऐवजी नुसते आकडे, एकेक तासाभराची. पाच-सहा उघडून बघितल्या. सगळीकडे तेच. खरखर, खरखर. खिशात बटण दाबलं गेलं असणार! हसू आलं. सगळ्या पुसल्या, फोनमधली कचरापेटीसुद्धा रिकामी केली. मग कादंबरी शेवटच्या प्रकरणापर्यंत मावली.

त्यांना सांगितलं नाही. गंमत राहू दे.

१२ फेब्रुवारी

आत नेताना माझ्याकडे बघून म्हणाले, "दुपारी जेवून घे. नुसता चहा ढोसत बसू नकोस."

सहा तास लागले. ठीक आहेत.

१६ फेब्रुवारी

फोनमध्ये बोलणारं ॲप घातलं. बाबांनी एका बोटाने टाइप करायचं, फोनने ते वाचून दाखवायचं. त्यांनी बराच वेळ लावून काहीतरी लिहिलं आणि बटण दाबलं. फोन बातम्या दिल्यासारखा म्हणाला, "उशी थोडी वर घे."

आई दचकली. "हा कोण परका पुरुष मला अरेतुरे करतोय?"

बाबा हसले. हसण्याचाही आवाज नाही, नुसते खांदे हलले. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पडले.

१९ फेब्रुवारी

 

शिडीकाका भेटायला आले होते. बाबांचे वीस वर्षांचे जोडीदार, शिडी धरतात म्हणून शिडीकाका. निघताना मला जिन्यापाशी म्हणाले, "काय पोरी, ऐकलंस का? बावीस भिंती गायलाय पठ्ठ्या! गळा फुटायची वेळ आली तरी थांबेना. मी म्हटलं, अरे जरा विश्रांती घे की. तर म्हणतो, पोरगी वर्षभर माझ्या कानात वाचतेय, आपल्यालाही तिला काहीतरी द्यायला हवं."

मी विचारलं, "मग ती खरखर?"

"ती सुरुवातीची. सकाळी बटण दाबून फोन खिशात टाकायचा, आधी भिंत घासायची. रंग लागला की गाणं सुरू."

मला माहीत होतं! घासताना धूळ उडते म्हणून ते तोंडाला फडकं बांधतात, तेव्हा गात नाहीत, रोलर हातात आला की गातात. जन्मापासून बघतेय मी. सुट्टीत त्या धुळीत बसून अभ्यास केलाय. दहा मिनिटं पुढे ढकलून ऐकलं असतं तर! कुणालाही चूक माफ होती. मला नव्हती.

२० फेब्रुवारी

फोन दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, नुसतं पुसलं असतं तर बघितलं असतं. त्या जागेवर दुसरं काही भरलंय का?"

मी म्हटलं, "हो. माझा आवाज."

२२ फेब्रुवारी

माझ्या फोनमध्ये बाबांचे तीन निरोप सापडले. एक, किल्ली शेजारी दिलीय. दोन, रिक्षा मिळाली का. तीन, दुकानात रंगाचा कुठला नंबर सांगायचा ते. सगळे मिळून एकतीस सेकंद. चार ठिकाणी जपून ठेवले.

गाणं एकही नाही. मी त्यांना कधी गाताना रेकॉर्डच केलं नाही. रोजचंच होतं ना!

२५ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती खूप वेळ चादरीच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "त्यांना एवढ्यात सांगू नकोस. जखम ओली आहे."

पण ते रोज माझ्याकडे बघतात. ऐकलंस का, असंच विचारताहेत असं वाटतं. मी नजर चुकवून नळ्या पुसते.

२७ फेब्रुवारी

सांगितलं. सगळं, जसं घडलं तसं. "बाबा, मीच पुसलं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. फोन उशाशी होता. हात लावला नाही.

२८ फेब्रुवारी

सकाळी बाबांनी तासभर टाइप केलं. बोलायचं बटण दाबलं नाही, फोन माझ्या हातात दिला.

"गाणी पुसलेली अकरा तारखेलाच बघितली. फार राग आला. तुला हाक मारणार होतो. मग म्हटलं, एकच दिवस आवाज आहे, तो तुझ्यावर ओरडण्यात नको."